साडेतीन किलो जास्त

१

मी बहारीनमध्ये मुहर्रकला एका कार्गो ऑफिसात काट्यावर बसते. विमानतळाजवळ आमचं गोडाऊन आहे. लोक गावाला पाठवायची खोकी घेऊन येतात, मी ती तोलते आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: खोकं तुम्ही स्वतः भरलंय का, की कुणी आत काही ठेवायला दिलंय? चौदा वर्षं विचारतेय आणि चौदा वर्षं निम्मे लोक माझ्या तोंडावर खोटं बोलतायत. इथला आपला माणूस सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत दहा जणांची पार्सलं जातात. तो कुणाला नाही म्हणत नाही. आत काय आहे हेही विचारत नाही, कारण विचारलं तर समोरच्याला वाईट वाटेल. या चांगुलपणाची मला चीड आहे.

माझा नवरा बासित यात सगळ्यांच्या वरचढ. मागच्या वेळी खेडला जाताना त्याने कुणाच्या तरी शिलाई मशीनची मोटर हातातल्या बॅगेत घातली आणि विमानतळावर दोन तास अडकून बसला. ज्याची मोटर होती त्याचं पूर्ण नावही या शहाण्याला सांगता येईना.

तर या बासितला सेहेचाळिसाव्या वर्षी शिकारीचं खूळ लागलं. किर्गिझस्तानच्या डोंगरात, रीतसर परवाना काढून, आयबेक्स नावाच्या रानबकऱ्याच्या मागे नऊ दिवस. तिथे गाडी नाही, खेचर नाही. तंबू, जेवण, बंदूक आणि शिकार मिळालीच तर तिचं मांस, सगळं आपल्या पाठीवर वाहायचं. लहानपणी वडिलांबरोबर सशामागे रान तुडवलं होतं, तेवढ्या भांडवलावर. एरवी हा माणूस दिवसभर गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात खुर्चीवर बसतो आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने येतो.

"मार्चपर्यंत अंग तयार करतंय बघ," म्हणाला. मी म्हटलं, कर बाबा. तिथेच चुकलं माझं.

२

बॅग आली. ॲल्युमिनियमची चौकट, रुंद कमरपट्टा, छातीवरून एक पट्टा, शिकारीचं मांस बांधायला वेगळा कप्पा. घोट्यापर्यंतचे बूट आले, दोन काठ्या आल्या. बेडरूमच्या दारात लोंबकळायला लोखंडी दांडा बसला, त्यावर माझं डोकं दोनदा आपटलं.

दर शुक्रवारी सकाळी साडेसहाला तो सखीरच्या वाळवंटात चालायला जायचा. सोबतीला वरच्या मजल्यावरचा उज्ज्वल. हा बुलढाण्याचा, लिफ्ट दुरुस्त करणारा टेक्निशियन, वयाने लहान, शिकारीशी त्याला देणंघेणं नाही. डॉक्टरने साखर वाढल्याचं सांगितलं म्हणून चालायचा. रेसच्या सर्किटच्या पलीकडे गाडी लावायची आणि तीन तास दगडा-रेतीतून फिरून परत.

बॅगेत वजन म्हणून पाच-पाच किलोच्या तांदळाच्या तीन सीलबंद पिशव्या. बॅग अडीच किलोची. पाणी तीन लिटर. एकूण साडेवीस. हे मला पाठ आहे, कारण जाताना आणि आल्यावर ती बॅग मीच तोलायचे. दारातल्या दांड्याला माझा हुकाचा काटा अडकवायचा आणि त्याला बॅग. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या गावच्या बॅगा याच काट्यावर तोलल्या जातात आणि विमानतळावर आजवर कुणाला शंभर ग्रॅमचा फरक आलेला नाही.

येताना पाणी संपलेलं असायचं, म्हणजे साडेसतरा. सहा शुक्रवार बरोबर साडेसतरा भरलं. सातव्या शुक्रवारी, जानेवारीच्या मध्यात, एकवीस भरलं.

मी काटा काढून पुन्हा लावला. एकवीस. उज्ज्वलची बॅग अडकवली, ती जाताना होती त्यापेक्षा बरोबर तीन किलो कमी. मग मी बासितची बॅग जमिनीवर ओतली. तीन पिशव्या, रिकामी बाटली, टॉवेल. दुसरं काही नाही. एकेक वस्तू तोलली. पाच, पाच, पाच, बाकी अडीच. साडेसतरा.

सगळं परत भरून अडकवलं. एकवीस.

"दगड भरलेस का वाटेत?" मी विचारलं.

"तूच ओतलीस ना आता? दिसला का दगड?" बासित म्हणाला आणि अंघोळीला गेला. त्याच्या बोलण्यात आश्चर्य नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती त्यामुळे.

मसूदा, माझी मुलगी, जन्मली तेव्हा साडेतीन किलोचीच होती. हे मला का आठवलं कोण जाणे. मी काट्याच्या बॅटऱ्या बदलल्या.

३

पुढच्या शुक्रवारी नऊ किलो जास्त. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेवीस जास्त.

दर वेळी तेच. सुटं सुटं तोललं की हिशेब चोख, एकत्र भरून तोललं की जास्त. मी तो काटा ऑफिसात नेऊन मोठ्या काट्याशी ताडून पाहिला. तो बरोबर होता. बहारीनची हवा दमट, तांदूळ ओल धरतो, असं मनाला समजावून पाहिलं. पण ओल धरलेला तांदूळ सुटा तोलल्यावर कोरडा होतो का? मी कारकून आहे, शास्त्रज्ञ नाही, तरी मला एवढं कळतं.

तेवीस किलो जास्त भरले त्या दिवशी मी रिकामी बॅग आणि तिन्ही पिशव्या समोर ठेवून जमिनीवर बसून राहिले. मग ते जास्तीचं वजन आता कुठे आहे, असं मनात आलं. बैठकीत बासित सोफ्यावर बसला होता. टेकून नाही. गुडघ्यांवर कोपरं ठेवून, पुढे वाकून, पाठ आणि सोफा यांच्यात हातभर जागा ठेवून बसला होता.

मग मला एकेक दिसायला लागलं. तो दोन आठवडे पोटावर झोपत होता. नमाजात सजद्यातून उठताना त्याला हात टेकावा लागत होता. लिफ्टमधून उतरताना आधी तिरका व्हायचा. ओढून डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टरने मणक्याचे फोटो बघून विचारलं, "तुम्ही गोदामात हमालीचं काम करता का?" दोन मणक्यांमधली गादी चेपली होती. असंच चाललं तर पाय जातील, म्हणाला.

बाहेर आल्यावर मी पार्किंगमध्येच त्याच्यावर ओरडले. शिकार खलास, बॅग खलास, उद्यापासून तू घराबाहेर पडायचं नाही. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

"अगो, मना काय झाला नाय," तो म्हणाला. "शुक्रवारी जावाच लागंल."

४

मी उज्ज्वलला धरलं. तो दारात उभा राहून चपलेशी चाळा करत होता.

"वैनी, मले तं काही ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "पण भाऊ बोलले, हे खरं आहे."

सखीरचं ते मोकळं रान सगळ्यांचं. थंडीत लोक नोंदणी करून तिथे तंबू ठोकतात, शेकोट्या पेटवतात, सीझन संपला की गुंडाळून जातात. पण माणसाची जात अशी की दोन दिवस बूड टेकलं की जमीन आपली वाटते. लोक टायर अर्धे पुरून त्यांना चुना फासतात आणि त्याला कुंपण म्हणतात. दोघांच्या वाटेत असंच एक रिंगण होतं. पांढऱ्या टायरचं. आत तंबू नाही, काही नाही. जाणारे-येणारे त्याला वळसा घालायचे, आणि बासितला त्याचा राग यायचा. सगळ्यांच्या जमिनीवर यांनी रिकामी जागा अडवायची आणि आपण का वळायचं? सातव्या शुक्रवारी तो सरळ टायर ओलांडून आतून गेला. उज्ज्वल बाहेरून गेला.

"मधात गेल्यावर भाऊ एकदम थांबले," उज्ज्वल म्हणाला. "मांगं वळले. जसं कोणी हाक मारली. अन् हसून म्हणले, 'हां हां, ठेवा की. नेतो.' मग असे खाली वाकले, जसं कोणी बॅगेत काही कोंबून राह्यलं. मी म्हटलं, कोणाशी बोलता? तं म्हणे, चल यल्ला, उशीर झाला."

"आणि तू हे मला आज सांगतोयस?"

"काय सांगू वैनी? मी या गोष्टी मानत नाही. आमच्या घरात कोणी मानत नाही."

"मग शुक्रवारी येशील आमच्याबरोबर?"

त्याने चपलेत पाय घातला. मग म्हणाला, "मानत नाही. पण येतही नाही."

मला त्याचाही राग आला. पण निदान त्याला नाही म्हणता येतं, हेही मनात आलं.

५

बासितला मी स्वयंपाकघरात गाठलं. दार लावून घेतलं, म्हणजे मसूदाला ऐकू जाणार नाही. ती पंधरा वर्षांची, मराठी समजतं सगळं, उत्तर इंग्रजीत देते.

"काय घेतलंस तिथे?"

तो ओट्याला दोन्ही हात टेकून उभा होता. चेहरा घामेजलेला. पाठीवर काही नव्हतं, बनियन होतं फक्त.

"कुनीतरी इनंती केली. आपल्याकडचाच मानूस वाटला. आपली बोली बोलत होता."

"काय म्हणाला?"

"घरी पोचवशील काय, म्हनाला. मी हां म्हटला."

"कुणाच्या घरी?"

बासितने बनियनच्या टोकाने घाम पुसला.

"अरे, कुणाच्या घरी? पत्ता काय? नाव काय? आत काय आहे?"

"इचारला नाय," तो म्हणाला.

मी हातातलं पातेलं सिंकमध्ये आपटलं. चौदा वर्षं मी परक्यांना हाच प्रश्न विचारतेय आणि माझ्याच घरात माझा नवरा न विचारता हां म्हणून आलाय. मला त्याला मारावंसं वाटलं, खरंच मारावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्याची ती वाकत चाललेली कोपरं दिसत होती, आणि हा माणूस मेला तर मी काय करू, हेही वाटत होतं.

"परत दे," मी म्हटलं. "शुक्रवारी जायचं आणि जिथून घेतलंस तिथे ठेवायचं."

"एकदा कबूल केल्यावर कसा देऊ गो परत?"

"तू नको देऊस. मी देते."

६

शुक्रवारी सकाळी मी बॅग भरून काट्याला अडकवली. काटा पन्नासपर्यंतचा आहे. आकडा आलाच नाही, नुसत्या दोन रेघा आल्या आणि दांडा भिंतीतून कुरकुरला. मी ती दाराबाहेर ओढत न्यावी म्हटलं, तर बासितने मुकाट्याने पट्ट्यांत हात घातले आणि उचलली. कशी उचलली ते मला माहीत नाही.

सर्किटवर कुठल्या तरी गाड्यांचा सराव चालू होता. दूरवरून त्यांची घरघर येत होती. तंबूंमधले जनरेटर धडधडत होते, कुठेतरी गाणी. ऊन छान होतं. सहलीला यावं असा दिवस, आणि मी दातओठ खात चालले होते.

जमीन तिथे कडक आहे, वर बारीक खडी. माझ्या बुटांचा ठसाही उमटत नव्हता. बासितचा पाय मात्र घोट्यापर्यंत रुतत होता. मी मागून चालत होते आणि ते खड्डे बघत होते. त्या प्रत्येक खड्ड्याबरोबर माझं भय कमी होऊन राग वाढत गेला. कोण हे? कुणाची हिंमत, माझ्या माणसाला बैल करून जुंपायची? तो नाही म्हणत नाही हे बघून?

रिंगण आलं. आतली रेती सपाट, झाडून काढल्यासारखी. बासित टायर ओलांडून आत गेला, मी त्याच्यामागे. आणि आवाज थांबले. सर्किटची घरघर, जनरेटर, गाणी, सगळं. मी एक पाय मागे टायरबाहेर टाकून पाहिला, आवाज परत आले. आत घेतला, गेले. मी हे तीनदा केलं. काटा बिघडला की मी असंच करते.

बासित मधोमध उभा होता, कमरेत वाकलेला. मी त्याच्यासमोर जाऊन छातीवरचा पट्टा सोडवला.

"नको गो," तो म्हणाला. "तू हात नको लावू."

"गप्प बस."

"मेहरीन, ऐक माझा. तू नको घेऊ."

"तू कुणाचं ऐकलंस म्हणून ही वेळ आली, आता मी तुझं ऐकू?" मी कमरपट्टा सोडवला आणि दोन्ही हातांनी बॅग त्याच्या खांद्यांवरून ओढून घेतली. "आण इकडे."

ती हलकी होती. साडेवीस किलो, फार तर. मला हातांनीच कळतं. मी ती रेतीवर ठेवली आणि बासितकडे पाहिलं. तो हळूहळू सरळ होत होता. पाठ, मग मान. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

मग मी त्या रिकाम्या जागेवर तोंड सोडलं. म्हटलं, हे तुमचं तुम्ही सांभाळा. भल्या माणसाला पकडून त्याच्या पाठीवर बसता, लाज नाही वाटत? परत आमच्या वाटेला आलात तर याद राखा. बोली आमचीच वापरली, म्हणजे कळायची सोय. नवी कोरी बॅग, तांदळासकट, तिथेच सोडून आम्ही निघालो.

बासित पुढे चालला होता, ताठ, हात मोकळे सोडून. मी मागे. माझे पाय भरून आले होते, पण रागाने तरातरा चालल्यावर पाय भरून येतातच. खाली बघायचं मला सुचलं नाही.

७

"मी जरा आडवा होतंय," म्हणून बासित मागच्या सीटवर उताणा झोपला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा उताणा. दोन मिनिटांत घोरायला लागला. मी गाडी सुरू केली, माझा बेल्ट लावला आणि वळवून रस्त्याला आणली. मला रडू येत होतं आणि हसूही. खलास, मी मोठ्याने म्हटलं. मफी मुश्किल, आता काही अडचण नाही.

गाडी टीं टीं करायला लागली.

शेजारच्या सीटचा बेल्ट लावा, असा तो दिवा होता. सीटवर माझी पर्स होती. पर्स मागे टाकली. पाण्याची बाटली होती, ती खाली ठेवली. टीं टीं चालूच. मी कडेला गाडी घेतली. सीटवर काही नव्हतं. सेन्सर बिघडला असेल, म्हटलं. गाडी जुनी आहे. रिकाम्या सीटचा बेल्ट लावून टाकला की आवाज बंद होतो, सगळे ड्रायव्हर करतात तसं.

मी हात लांब करून पट्टा ओढला. रिकाम्या सीटवर तो सपाट बसायला हवा होता. तो बसला नाही. खटक्यापर्यंत पोचवायला मला तो आणखी हातभर ओढावा लागला, जाड माणसासाठी ओढतात तसा. खटका लागला. आवाज बंद झाला. पट्टा सीटला कुठेही न टेकता हवेत फुगून राहिला, आणि मी बघत असताना जरासा सैल झाला, पुन्हा ताणला, पुन्हा सैल झाला.

मी पुढची वीस मिनिटं समोर बघून गाडी चालवली. मागे बासित घोरत होता, शेजारी पट्ट्याची गुंडाळी बारीक करकरत होती.

ईसा टाउनला आमच्या बिल्डिंगखाली आले तेव्हा जुम्म्याची अजान व्हायची होती. वर बाल्कनीत मसूदा उभी होती. "मम्मी! व्हॉट टुक यू सो लाँग?" ती ओरडली. तीन आठवडे मी हे माझ्या घरात राहू दिलं होतं, तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे, तांदूळ तोलत बसून. आता शेजारच्या सीटवर जे होतं त्याला मी तो जिना चढू देणार नव्हते.

"उतर," मी बासितला म्हटलं. "वर जा. मसूदाला खाली सोडू नको."

तो डोळे चोळत उतरला. दार लावता लावता त्याने पुढच्या सीटकडे पाहिलं, लावलेल्या बेल्टकडे. त्याचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं तो पळेल. पळायला हवं होतं. पण तो वळसा घालून पुढच्या दाराशी आला आणि काचेवर हात ठेवला.

"मेहरीन," तो म्हणाला, "मना दे. माझा हाय तो. मी नेतो."

मी चारी दारं बटणाने लॉक केली.

"गाडीला हात लावशील तर माझ्याशी गाठ आहे!" मी इतकी ओरडले की खालच्या किराणा दुकानातली माणसं बाहेर आली. काचेवर त्याच्या तळव्याचा ठसा राहिला. शेजारी करकर थांबली होती. कुणीतरी ऐकत असावं तशी.

"पत्ता सांग," मी बाजूला न बघता म्हटलं. "कुणाचं आहेस, कुठे सोडायचं ते आधी सांग. त्याने विचारलं नाही. मी विचारतेय."

पट्टा एकदा ताणला आणि तसाच ताणलेला राहिला. मी हँडब्रेक सोडला. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत आरशात बासित गाडीमागे धावत होता, ताठ पाठीने, हात हलवत, आणि मला त्याचा इतका राग आला होता की पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता.